फ्युजन प्लांटचा सिंगल लाइन डायग्राम (विद्युत जोडणीचा एकरेषीय आराखडा) कुठून सुरू करायचा?

प्रश्न असा आला आहे: "मी नांदेडला इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ५०० मेगावॅटच्या फ्युजन प्लांटची इलेक्ट्रिकल सिस्टीम घेतली आहे. जागा परळीच्या बंद झालेल्या जुन्या संचांची दाखवतोय, म्हणजे स्विचयार्ड आणि लाइनी तयार मिळतात. बॉयलरच्या जागी टोकामॅक (तप्त प्लाझ्मा चुंबकांनी कोंडणारं फ्युजनचं यंत्र), पुढे टर्बाइन, जनरेटर, जीटी (जनरेटरची वीज ग्रिडला देणारा ट्रान्सफॉर्मर), युएटी (प्लांटच्या स्वतःच्या खपाचा ट्रान्सफॉर्मर) सगळं थर्मलसारखंच धरलं तर चालेल का? युएटी ८ टक्क्यांवर साइझ केलाय."

आधी जागेबद्दल. ही कल्पना ऐकून कोणी हसलं तर मनावर घेऊ नका. ब्रिटनने त्यांच्या 'स्टेप' या नियोजित फ्युजन प्लांटसाठी नॉटिंगहॅमशायरमधल्या वेस्ट बर्टनची जागा निवडली आहे, आणि ती कोळशाच्या वीज केंद्राचीच. ग्रिडची जोडणी आहे, औद्योगिक जमीन आहे, वीज केंद्रात काम केलेली माणसं आसपास राहतात. परळीला हे तिन्ही मुद्दे लागू होतात. चौथा मुद्दा पाण्याचा. तो शेवटी घेतो, कारण तिथे तुमचा प्रोजेक्ट अडचणीत येणार आहे.

आता ८ टक्के. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण या आकड्यात आहे. 'टर्बाइनपासून पुढे सगळं सारखंच' हे बऱ्यापैकी खरं आहे, पण फ्युजन प्लांटचं अवघड इलेक्ट्रिकल काम टर्बाइनच्या पुढे नसतंच. ते मागे असतं: प्लांट स्वतः किती वीज खातो, कोणत्या क्षणी खातो आणि कशी खातो यात. तुम्ही जनरेटर कागदाच्या वरच्या टोकाला काढून खाली उतरत आलात. मी लोडकडून सुरुवात केली असती.

माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे कोणत्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. सुरुवातीची वर्षं थर्मलच्या कमिशनिंगमध्ये गेली, मग बराच काळ जालन्याच्या स्टील कारखान्यांत भट्ट्यांच्या पॉवर क्वालिटीचं काम केलं, आणि त्यानंतर प्रयोगशाळांच्या मॅग्नेटसाठी मोठ्या करंटचे रेक्टिफायर. वीज विकणारा फ्युजन प्लांट आजवर जगात कोणी चालवलेला नाही, त्यामुळे त्याचा अनुभव कोणालाच नाही. पण लोडचे तुकडे ओळखीचे आहेत आणि त्यांचं वागणं मोजलेलं आहे.

थर्मलमध्ये हाऊस लोड, म्हणजे प्लांटचा स्वतःचा खप, हा असा: बॉयलर फीड पंप, आयडी-एफडी-पीए फॅन, कोल मिल, सीडब्ल्यू पंप. २५० मेगावॅटच्या संचाला साधारण ८ ते ९ टक्के, म्हणजे वीस-बावीस मेगावॅट. हा आकडा महिनोन्महिने जवळपास स्थिर राहतो. फ्युजनमध्ये यातली एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

एक हिशोब कागदावर मांडू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, कोणत्याही प्रत्यक्ष डिझाइनचे नाहीत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या दोन जड रूपांच्या) अभिक्रियेतून १००० मेगावॅट फ्युजन पॉवर मिळते असं धरा. त्यातली ८० टक्के न्यूट्रॉन घेऊन जातात (१७.६ पैकी १४.१ एमईव्ही), उरलेली अल्फा कणांकडे राहते. न्यूट्रॉन लिथियमच्या ब्लँकेटमध्ये (प्लाझ्माभोवतीच्या आवरणात) शिरले की तिथल्या अभिक्रियांमुळे थोडी जास्त उष्णता मिळते, ती १५ टक्के धरू. म्हणजे ८०० चे ९२०, अधिक अल्फाचे २००, अधिक प्लाझ्मा तापवायला बाहेरून ओतलेले ५०. एकूण उष्णता ११७० मेगावॅट. ३५ टक्के कार्यक्षमतेने जनरेटरवर ४१० मेगावॅट.

आता खर्च. प्लाझ्मात ५० मेगावॅट पोचवायचे तर भिंतीतून, म्हणजे सप्लायकडून, ५० घेऊन भागत नाही. प्लाझ्मा तापवायचं साधन जायरोट्रॉन (सूक्ष्मलहरींचं) असो वा न्यूट्रल बीम (वेगवान अणूंचा झोत), विजेपासून प्लाझ्मापर्यंतची कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी बसवरून (प्लांटच्या मुख्य विद्युत जोडपट्टीवरून) १२५ मेगावॅट लागतात. कूलंटचे पंप ६०. क्रायोजेनिक्स (मॅग्नेट अतिथंड ठेवणारी यंत्रणा) ३०, कारण उणे २६९ अंशांच्या आसपास एक वॅट उष्णता काढायला वर साधारण २०० ते ३०० वॅट वीज लागते. मॅग्नेटचे कन्व्हर्टर (एसीचं डीसी करणारे), व्हॅक्यूम, ट्रिटियम प्लांट, इमारती मिळून ३५. बेरीज २५०. ग्रिडला मिळाले १६०.

म्हणजे प्लाझ्मात घातलेल्या उष्णतेच्या वीसपट फ्युजन पॉवर मिळूनही, ज्याला लोक क्यू बरोबर २० म्हणतात, निम्म्याहून जास्त वीज घरातच संपली. पीक चांगलं आलं, पण निम्मा कडबा घरच्याच बैलांनी खाल्ला असा हा प्रकार आहे. तुमचा युएटी ८ टक्क्यांचा नाही, ६० टक्क्यांचा आहे. मग तो युएटी राहतच नाही, ते एक स्वतंत्र सबस्टेशन होतं.

याच हिशोबात अजून एक गोष्ट तपासा. हीटिंगची कार्यक्षमता ४० वरून ५० टक्क्यांवर नेली तर १२५ चे १०० होतात, २५ मेगावॅट वाचतात. ग्रॉसच्या तुलनेत ते सहा टक्के, पण नेटच्या तुलनेत पंधरा टक्क्यांहून जास्त. उलट, पाण्याऐवजी हेलियम कूलंट घेतला तर त्याचे ब्लोअर पंपांच्या दुप्पट वीजही खाऊ शकतात, आणि नेट १६० वरून १०० वर येतं. थर्मलमध्ये पंपाच्या कार्यक्षमतेवर एवढं डोकं कोणी लावत नाही. इथे प्लांट उभा राहणार की नाही हे त्यावर ठरतं.

म्हणून बातमीत 'घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली' असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या बसवर मोजली? अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीने डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळवली. शास्त्र म्हणून ती फार मोठी गोष्ट. पण तो लेझर चालवायला भिंतीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. मीटरिंग कुठे लावलंय याचं महत्त्व तुम्हा-आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको, रोजची भांडणं त्यावरच होतात.

आता लोडच्या स्वभावाकडे येऊ. मला सर्वांत रस याच भागात आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

फ्रान्सच्या दक्षिण भागात कादाराश इथे 'इटर' हा आंतरराष्ट्रीय टोकामॅक उभा राहतोय. तो वीज निर्माण करणार नाही, प्रयोग आहे. पण त्याची सप्लाय सिस्टीम म्हणजे आपल्याला उपलब्ध असलेला सर्वांत चांगला नमुना. जागेची गरज ११० मेगावॅटपासून, प्लाझ्मा चालू असताना सुमारे ३० सेकंदांच्या शिखरात, ६२० मेगावॅटपर्यंत जाते. सप्लाय ४०० केव्हीची. आत आल्यावर ती दोन वेगळ्या जाळ्यांत विभागली आहे. एक स्थिर लोडचं: क्रायो कॉम्प्रेसर, कूलिंग वॉटर, इमारती. दुसरं पल्स लोडचं, म्हणजे थोड्या वेळापुरत्या झटक्यांचं: मॅग्नेटचे कन्व्हर्टर आणि हीटिंग. दोन्हींचे ट्रान्सफॉर्मर वेगळे.

हे वेगळं ठेवणं चैन नाही. जालन्यात ज्यांनी काम केलंय त्यांना कारण सांगावं लागत नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरवर भट्टी आणि रोलिंग मिलचे ड्राइव्ह टाकले की भट्टीच्या हार्मोनिकने (विजेच्या बिघडलेल्या लहरींनी) ड्राइव्ह ट्रिप होतात, मग रात्रपाळीचा सुपरवायझर इलेक्ट्रिशियनला शिव्या घालतो आणि इलेक्ट्रिशियन ड्राइव्ह कंपनीला. इथे ड्राइव्हच्या जागी हेलियम कॉम्प्रेसर आहे. तो ट्रिप झाला तर मॅग्नेट गरम व्हायला लागतात, आणि सगळं पुन्हा थंड करायला लागणारा वेळ पाळ्यांमध्ये मोजत नाहीत. तुमच्या डायग्राममध्ये ४०० केव्ही बसखाली पहिल्याच पायरीला हे दोन फाटे दिसले पाहिजेत.

पल्स लोड एवढा उग्र का? मॅग्नेट सुपरकंडक्टिंग आहेत, रोध शून्य, मग वीज लागते कशाला, असं विद्यार्थी हमखास विचारतात. करंट टिकवायला व्होल्टेज जवळपास लागत नाही. करंट बदलायला लागतं: व्ही बरोबर एल गुणिले डीआय बाय डीटी. टोकामॅकमध्ये मधलं सोलेनॉइड ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं काम करतं आणि प्लाझ्मा स्वतः एका वेढ्याची सेकंडरी. प्लाझ्मात करंट वाढवायचा तर सोलेनॉइडचा करंट सतत बदलत न्यावा लागतो. इटरमध्ये प्लाझ्माचा करंट १५ मेगाअँपिअर ठरवला आहे, कॉइलचे करंट चाळीस-पन्नास किलोअँपिअरच्या घरात. शिवाय प्लाझ्मा जागेवर ठेवायला बाहेरच्या कॉइल सतत इकडे-तिकडे ओढत राहतात.

आता थायरिस्टर कन्व्हर्टरचं गणित बघा. समजा एका कन्व्हर्टरची क्षमता १ किलोव्होल्ट आणि ४५ किलोअँपिअर आहे. करंट पूर्ण ४५ आहे, पण या क्षणी फक्त १०० व्होल्ट हवेत. फायरिंग अँगल (दर सायकलला थायरिस्टर किती उशिरा चालू करायचा तो कोन) ९० अंशांजवळ जातो. खरी पॉवर ४.५ मेगावॅट आणि रिअॅक्टिव्ह (काम न करता नुसती ये-जा करणारी) पॉवर जवळपास ४५ एमव्हीएआर. पॉवर फॅक्टर ०.१! आपल्याकडे केव्हीएएच बिलिंगमध्ये ०.९५ च्या खाली गेलं की मालकाचा फोन येतो. इथे असे अनेक कन्व्हर्टर आहेत, आणि त्यांचा एमव्हीएआर सेकंदासेकंदाला बदलतो. इटरमध्ये यासाठी २५० एमव्हीएआरचे तीन, म्हणजे ७५० एमव्हीएआरचे कॉम्पेन्सेशन बसवायचं ठरलं: थायरिस्टर कंट्रोल्ड रिअॅक्टर आणि हार्मोनिक फिल्टर. साधी एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलची कॅपॅसिटर बँक कॉन्टॅक्टरने आत-बाहेर करण्याचं हे काम नाही, तेवढा वेळच मिळत नाही.

भट्टीशी एक मोठा फरकही आहे. भट्टी फक्त खाते. मॅग्नेट खातो आणि परतही देतो. करंट खाली आणताना कॉइलमधली ऊर्जा कन्व्हर्टरमधून ग्रिडकडे उलटी येते. म्हणून कन्व्हर्टर चारही क्वाड्रंटमध्ये, म्हणजे व्होल्टेज आणि करंट दोन्हींच्या दोन्ही दिशांना, चालणारे लागतात, आणि संरक्षणात कुठे रिव्हर्स पॉवर रिले नेहमीच्या सवयीने टाकला असेल तर तो दर पल्सला उडेल.

हे ग्रिडवर किती जाणवेल? हे पूर्णपणे बसच्या फॉल्ट लेव्हलवर (शॉर्ट सर्किट झाल्यास तिथे किती करंट वाहील त्यावर) अवलंबून आहे, त्यामुळे 'चालेल का' याला कुठलंही सरसकट उत्तर नाही. उदाहरणापुरतं ४०० केव्ही बसवर २० किलोअँपिअर धरा, म्हणजे सुमारे १४,००० एमव्हीए. ७०० एमव्हीएआरची उडी कॉम्पेन्सेशनशिवाय आली तर व्होल्टेज सुमारे ५ टक्के हलेल. दर पल्सला ५ टक्के कोणतीही ट्रान्समिशन कंपनी मान्य करणार नाही, आणि करूही नये. तुमच्या प्रोजेक्टसाठी परळीच्या बसचा खरा आकडा महापारेषणकडून लेखी मागा. विद्यार्थ्यांना सहसा नाही म्हणत नाहीत.

फ्रिक्वेन्सीची मला त्यामानाने कमी काळजी आहे. २०१३ च्या शेवटी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण ग्रिड जोडली गेली आणि देशाची एक ग्रिड झाली. मे २०२४ मध्ये या ग्रिडने २५० गिगावॅटची मागणी भागवली. त्यात ५०० मेगावॅटचा झोका फ्रिक्वेन्सीला फार हलवत नाही. स्थानिक व्होल्टेज मात्र हलतो, आणि बीड-धाराशिव पट्ट्यात वाढत चाललेल्या पवन आणि सौर प्रकल्पांचे इन्व्हर्टर अशा झोक्यांना मोटरपेक्षा जास्त संवेदनशील असतात. हा अभ्यास कोणीतरी करायला हवा. तुम्ही केलात तर तो वेगळा, चांगला प्रोजेक्ट होईल.

ग्रिडला झोका द्यायचाच नसेल तर ऊर्जा आधी साठवून ठेवायची. ब्रिटनच्या कल्हम इथल्या 'जेट' या टोकामॅकने हेच केलं. तिथे ७७५ टनी रोटरची दोन फ्लायव्हील जनरेटर होती, ग्रिडकडून हळूहळू वेग घेऊन पल्सच्या काही सेकंदांत शेकडो मेगावॅट ओतणारी. जर्मनीत गार्खिंगला आणि जपानमध्ये नाका इथेही फ्लायव्हील आहेत. आज नव्याने डिझाइन करताना मी व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर आणि डीसी लिंकवर सुपरकॅपॅसिटर याकडे आधी बघेन. ऊर्जा कॉइल आणि कॅपॅसिटर यांच्यातच खेळती राहते, ग्रिडकडून फक्त लॉसेस घ्यायचे, आणि एमव्हीएआरचा प्रश्न मुळातच आटोक्यात येतो. खर्च जास्त येतो आणि एवढ्या मोठ्या करंटचा अनुभव थायरिस्टरमागे अधिक आहे, त्यामुळे यावर जुनेजाणते माझ्याशी वाद घालतील. घालू देत.

इथे एक फाटा लक्षात ठेवा. हे सगळं पल्सवर चालणाऱ्या टोकामॅकचं आहे. स्टेलरेटर (वळणदार कॉइलनीच प्लाझ्मा कोंडणारं यंत्र) घेतला, उदाहरणार्थ जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्सच्या वंशातला, तर प्लाझ्मा करंट चालवणारं सोलेनॉइड लागत नाही, कॉइलचे करंट स्थिर राहतात आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअर रात्री झोपू शकतो. त्रास मेकॅनिकलवाल्यांकडे जातो, त्या वाकड्या-तिकड्या कॉइल बनवताना. म्हणून तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'टोकामॅक, पल्स' की 'टोकामॅक, स्टेडी स्टेट' की 'स्टेलरेटर' हे लिहिल्याशिवाय पुढचा एकही आकडा अर्थपूर्ण नाही.

पल्स निवडला तर विक्रीचाही प्रश्न येतो. युरोपच्या 'डेमो' या नियोजित फ्युजन प्लांटच्या एका आराखड्यात सुमारे दोन तास प्लाझ्मा आणि मग काही मिनिटांचा खंड असं चक्र आहे. आपल्याकडे शेड्यूल १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये द्यावं लागतं, दिवसाचे ९६ ब्लॉक, आणि शेड्यूलपासून हललात की डीएसएमचा (विचलनाच्या हिशोबाच्या नियमांचा) भुर्दंड. खंडाच्या वेळी टर्बाइन उतरवून पुन्हा चढवणं मशिनलाही सोसत नाही. म्हणून मध्ये वितळलेल्या मिठाची उष्णता-टाकी ठेवण्याचा विचार आहे, म्हणजे टर्बाइनला खंड जाणवतच नाही. पण इलेक्ट्रिकल बाजूला तो जाणवतोच: दर चक्राच्या सुरुवातीला प्लांट आपली निर्यात कमी करून स्वतःच मोठा ग्राहक होतो.

आणि प्लाझ्मा अचानक विझला तर? याला डिसरप्शन म्हणतात आणि ते काही मिलिसेकंदांत होतं. थर्मलची सवय सांगते की संच ट्रिप झाला म्हणजे निर्मिती गेली. इथे आधी खप जातो. हीटिंगचे १२५ मेगावॅट क्षणात बंद, पण ब्लँकेट आणि स्टीम जनरेटरमधली उष्णता अजून आहे, टर्बाइन फिरतंय. निर्यात आधी वर उसळते आणि मग खाली येते. गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा) आणि लाइन प्रोटेक्शनवाल्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

इथपर्यंत एसी बाजू झाली: मोठा हाऊस लोड, दोन वेगळी जाळी, एमव्हीएआर, झोके. आता डीसी बाजू, जी थर्मलमध्ये एवढी मोठी नसतेच.

इटरच्या टोरॉइडल (प्लाझ्माच्या कड्याभोवती बसवलेल्या) कॉइलमध्ये ६८ किलोअँपिअरवर ४१ गिगाज्यूल साठतात. युनिटमध्ये काढा: सुमारे ११,४०० युनिट. औद्योगिक दराने लाखभर रुपयांची वीज, घाबरण्यासारखं काहीच नाही. पण कॉइलचा एखादा भाग गरम होऊन सुपरकंडक्टिंग अवस्था सुटली, म्हणजे क्वेंच झाला, तर एवढी ऊर्जा त्या एका जागी उतरण्याआधी काही सेकंदांत बाहेरच्या रेझिस्टरमध्ये काढावी लागते. पॉवर त्या क्षणी हजारो मेगावॅटमध्ये जाते, सगळ्या परळीच्या ७५० मेगावॅटपेक्षा कितीतरी जास्त. आणि करंट डीसी आहे. एसी ब्रेकरला दर अर्ध्या सायकलला शून्य मिळतं, आर्क तिथे विझतो. इथे शून्य आपोआप येत नाही, ते तयार करावं लागतं: आधी मेकॅनिकल बायपास स्विच उघडून करंट व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये ढकलायचा, मग कॅपॅसिटरमधून उलटा पल्स मारून त्याला शून्यावर आणायचं. तेही फसलं तर शेवटचा उपाय म्हणून पायरोब्रेकर, जो स्फोटकाने वाहकच तोडतो. एकदाच वापरायची वस्तू.

इन्सुलेशनचं एक प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण आपल्या अभ्यासक्रमात पाशेनचा नियम (वायूत किती व्होल्टला ठिणगी पडते ते दाब आणि अंतरावर ठरतं) दोन मार्कांपुरता असतो. जपानच्या जेटी-६० एसए या यंत्रात मार्च २०२१ मध्ये कमिशनिंगच्या वेळी एका कॉइलच्या जोडावर इन्सुलेशन फुटलं, आर्क झाला, हेलियम क्रायोस्टॅटमध्ये (कॉइल ठेवलेल्या निर्वात भांड्यात) सुटला. दुरुस्ती आणि सुधारणा करून पहिला प्लाझ्मा मिळायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. चांगल्या व्हॅक्यूममध्ये इन्सुलेशन टिकतं, साध्या हवेतही टिकतं. गळती होऊन मधल्याच कमी दाबाचा हेलियम भरला की काहीशे व्होल्टलाही फ्लॅशओव्हर होऊ शकतो. आणि गळती नेमकी क्वेंचच्या वेळी होण्याची शक्यता जास्त, जेव्हा फास्ट डिस्चार्जचं व्होल्टेज सर्वांत चढलेलं असतं. म्हणून हे जोड हवेत हायपॉट (जास्त व्होल्टेजची चाचणी) करून पास करणं पुरेसं नाही, कमी दाबात टेस्ट करावे लागतात. मी स्पेसिफिकेशन तपासताना हा परिच्छेद आधी शोधतो.

आपत्कालीन सप्लायबद्दल थोडक्यात. आपल्या अणुवीज केंद्रांत सप्लायचे चार वर्ग असतात: क्लास ४ नेहमीची, क्लास ३ डिझेलच्या आधाराची, क्लास २ इन्व्हर्टरवरची एसी, क्लास १ बॅटरीवरची डीसी. हीच चौकट वापरा. फ्युजनमध्ये साखळी अभिक्रिया नाही, सप्लाय गेली की प्लाझ्मा आपोआप विझतो. पण न्यूट्रॉनमुळे किरणोत्सारी झालेल्या भागांची उरलेली उष्णता असते, आणि ट्रिटियम इमारतीबाहेर जाऊ नये म्हणून वेंटिलेशन आणि डिट्रिटिएशन (हवेतून ट्रिटियम काढणं) चालू राहावं लागतं. ते क्लास ३ वर. क्रायोजेनिक्स मात्र सुरक्षेचा लोड नाही, गुंतवणुकीचा आहे. तो डिझेलवर टाकायचा का, किती टाकायचा, हा पैशाचा निर्णय. दोन्ही एकाच यादीत मिसळलेत तर डीजी सेट विनाकारण अवाढव्य होतील.

ब्लॅक स्टार्टच्या (ग्रिड बंद असताना स्वतःहून सुरू होण्याच्या) रकान्यात सरळ 'नाही' लिहा. ग्रिड पूर्ण बसली तर हा प्लांट मदतीला येणार नाही, रांगेत शेवटी उभा राहील.

आता पाणी. वरच्या हिशोबात फ्युजन आणि ब्लँकेटमधून ११२० मेगावॅट आले, ग्रिडला १६० गेले. उरलेले ९६०, घरात खाल्लेल्या विजेसकट, शेवटी उष्णताच. म्हणजे विकलेल्या प्रत्येक मेगावॅटमागे सहा मेगावॅट उष्णता फेकायची. कोळशाच्या संचात कूलिंग टॉवरकडे जाणारी उष्णता मेगावॅटमागे दीडेक असते. ओल्या कूलिंग टॉवरने ९६० मेगावॅट काढायचे तर नुसतं बाष्पीभवन दिवसाला अडीच ते तीन कोटी लिटर. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला येणाऱ्या ५० वाघिणींच्या जलदूत रेल्वेत २५ लाख लिटर पाणी मावायचं. हिशोब करा: रोज दहा-बारा गाड्या. आणि परळीचं केंद्र पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ मध्ये पूर्ण बंद ठेवावं लागलं होतं, हे तुमच्या परीक्षकाला नक्की आठवत असेल.

मग ड्राय कूलिंग दाखवा. पण त्याचे पंखे हाऊस लोडमध्ये घाला, आणि मे महिन्यात ४२ अंशांना कंडेन्सरचं व्हॅक्यूम बिघडून टर्बाइनचं आउटपुट किती घटतं तेही. १६० मेगावॅट नेटमधून दहा-पंधरा गेले तर ते जाणवतात. मराठवाड्यातली जागा निवडली म्हणून ही ओळ तुमच्या रिपोर्टमध्ये आली पाहिजे. कादाराशच्या रिपोर्टमधून ती उचलता येणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. डायग्राम आठवडाभर बाजूला ठेवा आणि लोड लिस्ट करा. प्रत्येक लोडसमोर मेगावॅट, एमव्हीएआर, स्थिर की पल्स, पल्स असेल तर किती सेकंद, उलटी पॉवर देतो का, आणि सप्लायचा क्लास. ही यादी प्लाझ्मा बंद, करंट चढताना, प्लाझ्मा स्थिर आणि करंट उतरताना अशा चार अवस्थांसाठी वेगवेगळी भरा. त्यातून ट्रान्सफॉर्मरची संख्या आणि साइझ आपोआप बाहेर येतील. मग ईटॅप किंवा कॉलेजमध्ये असेल ते सॉफ्टवेअर घेऊन लोड फ्लो करा. '५०० मेगावॅट' हा शब्दही तेव्हाच पक्का करा: फ्युजन, उष्णता, ग्रॉस की नेट. नेट ५०० हवं असेल तर माझ्या वरच्या प्रमाणाने फ्युजन पॉवर ३००० मेगावॅटच्या पुढे जाते, आणि ती शीर्षकात लिहिताना गाइड तुम्हाला थांबवतील.

कन्व्हर्टरच्या भागासाठी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे चौकशी करा. आदित्य आणि एसएसटी-१ ही टोकामॅक तिथेच आहेत, आणि इटरमधला भारताचा वाटाही त्या संस्थेमार्फतच सांभाळला जातो. लोड लिस्ट तयार झाली की इथे टाका. मी आधी हीटिंगच्या कार्यक्षमतेचा रकाना बघेन.